मीटर ६ वर अडकला, रंग चहासारखा झाला? आधी झाकण बंद ठेवा

घरी बनवलेली २० लिटर फिकट एल (बियरचा एक प्रकार), सुरुवातीचं ब्रिक्स (मीटरवरचा गोडीचा आकडा) १२.४, आज तेविसावा दिवस, आठवडाभर मीटर ६ वरून हलेना, वरचा थर चहाच्या रंगाचा दिसतोय आणि ‘ढवळून अजून एक यीस्टचं पाकीट टाकू का?’ असं विचारलंय तुम्ही. टाकू नका. झाकणालाच हात लावू नका. नेमकं हेच करून माझे २० लिटर मोरीत गेलेत, म्हणून एवढं लांबण लावतोय.

तो मीटर द्राक्षबागेतलाच ना? आपल्या सोलापूर भागात बागायतदाराकडे तो असतोच. मण्याचा रस काचेवर टाकून गोडी बघायला एक नंबर. पण तो साखर मोजत नाही, प्रकाश किती वाकतो ते मोजतो. अल्कोहोलही प्रकाश वाकवतं, पाण्यापेक्षा जास्त. त्यामुळे यीस्टने साखर खाल्ली तरी आकडा पूर्ण खाली येत नाही. १२.४ ने सुरू झालेल्या बियरवर मीटर ६ दाखवतो, तक्त्यात त्याची घनता (पाण्याच्या किती पट जड, साखर संपते तशी उतरते) १.०२४ दिसते आणि साखर उरलीय म्हणून माणूस घाबरतो. खरी घनता तेव्हा १.०११ च्या आसपास असते. म्हणजे तुमची बियर बहुतेक कधीच होऊन बसलीय. ‘हायड्रोमीटरची (घनता मोजणाऱ्या तरंगत्या काचनळीची) कटकट कशाला, ब्रिक्स मीटरच घ्या’ म्हणणारे आणि आकडा अडकला की ‘ढवळा, यीस्ट वाढवा’ सांगणारे दुकानदार आहेत. नाव घेत नाही, पण हा सल्ला लई महागात पडतो.

हायड्रोमीटर आणा. बहुतेक २० अंशांवर जुळवलेले असतात. ३५ अंशांच्या नमुन्यात आकडा साधारण ०.००४ ने कमी दिसतो, तेव्हा नमुन्याचा ग्लास गार पाण्यात ठेवून मोजा. चमच्याने हलवून बुडबुडे आधी काढा, नाहीतर ते नळीला चिकटून तिला वर उचलतात. मोजलेला नमुना परत फर्मेंटरमध्ये, म्हणजे बियर आंबवायच्या भांड्यात, ओतू नका.

आता रंग. यीस्ट तरंगत असतं तोवर बियर दुधाळ, फिकट दिसते. ते वरून खाली बसत जातं, म्हणून वर गडद पट्टा आणि खाली दुधाळ असं दिसतं. हे चांगलं लक्षण आहे. शिवाय फूटभर खोल द्रव कधीही ग्लासापेक्षा गडदच दिसणार. खात्री करायची तर नमुना ग्लासात घेऊन मागे पांढरा कागद धरा. सोनेरी, स्वच्छ असेल तर विषय संपला. ग्लासातही करडा-तपकिरी, मळकट दिसला, हॉप्सचा (बियरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास गेला असेल आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली, तर ऑक्सिजन शिरलाय. त्यावर इलाज नाही. पिऊन अपाय होत नाही, पण ठेवाल तितकी बिघडत जाते. सुरुवातीला यीस्टला हवा लागते, पण फर्मेंटेशन (आंबणं) सरल्यावर तीच हवा बियर काळवंडते. तेव्हा ढवळणं म्हणजे हाताने रंग बिघडवणं.

खरंच रेंगाळलेलं फर्मेंटेशनही असतं. मॅश (गरम पाण्यात भिजवलेला धान्याचा भरडा) ७० अंशांवर गेला तर न पचणारी साखर जास्त राहते, घनता १.०१८ ला थांबते. तिथे कितीही यीस्ट घाला, फरक पडत नाही. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत शिजून आलेलं यीस्टचं पाकीट हे दुसरं कारण. मालदांडी ज्वारी घालून बघणाऱ्यांनी ती आधी पेजेसारखी शिजवून मग मॅशमध्ये घालावी. तिचा स्टार्च जवाच्या मॅशच्या तापमानाला नीट फुलत नाही, मग बियर गढूळ राहते आणि दोष यीस्टला जातो. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर त्यानेही वॉर्ट (आंबण्याआधीचा धान्याचा गोड रस) मुळातच गडद उतरतं, पण ते पहिल्या दिवसापासून दिसतं, तेविसाव्या दिवशी नाही.

आपल्या उन्हाळ्यात टबात पाणी, फर्मेंटरला ओला सोलापुरी टॉवेल आणि समोर पंखा. कोरड्या हवेत बऱ्यापैकी गार होतं, पावसाळ्यात जवळपास नाहीच. एप्रिल-मेमध्ये साधं एल यीस्ट वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. क्वाइक (नॉर्वेकडचं पारंपरिक यीस्ट) वापरा, ३५ अंशांतही सुखाने चालतं.

आणि हो, महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. परवान्याचं तुमचं तुम्ही बघा, मी फक्त घनतेचं बोलतोय.

तीन दिवसांच्या अंतराने दोन वेळा हायड्रोमीटर सारखा आला तरच बाटलीत भरा. ६५० मिलीच्या बाटलीला ४ ग्रॅम साखर, त्यावर एक दाणा नको, बाटल्या फुटतात. भरताना नळी तळाला टेकवा, धार वरून पडू देऊ नका. आधी त्या ग्लासचा फोटो टाका, दिवसाच्या उजेडातला, ट्यूबलाइटखालचा नको.