झोपेच्या अभ्यासाला माणसं निवडताना

प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, ‘फक्त पुरुष, १८ ते ३०’ लिहून मोकळा होऊ नकोस. माझ्या पहिल्या अभ्यासात मी तेच केलं होतं. कारण काय, तर पाळीमुळे आकडे हलतात. हलतातच! पाळीच्या उत्तरार्धात शरीराचं तापमान थोडं चढतं, आणि जैविक घड्याळ ओळखायला आपण तापमानच तर बघतो. पण हा फरक कचरा नव्हे, माहिती आहे.

झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचं उदाहरण घे. अमेरिकेत १९९२ मध्ये मंजुरी, आणि बायकांसाठी शिफारशीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम व्हायला २०१३ उजाडलं. सकाळी गाडी चालवायच्या वेळीही त्यांच्या रक्तात औषध जास्त उरत होतं.

नोंदणीच्याच दिवशी शेवटच्या पाळीची तारीख विचार. गर्भनिरोधक गोळ्यांचा रकाना वेगळा ठेव. वीसात चार बायका घेऊन ‘दोन्ही गट आहेत’ म्हणू नकोस, त्यातून फरक दिसत नाही. आणि रात्री डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवायला बाई तंत्रज्ञ आहे का, हे फोनवरच सांग. ‘बायका येतच नाहीत’ म्हणणाऱ्या किती जणांनी हे केलेलं असतं, देव जाणे.