श्मोट्झिग म्हणजे घाणेरडा नव्हे, तुपट

एका ताईंनी विचारलंय की दक्षिण जर्मनीत त्यांच्या गावातल्या पोस्टरवर 'श्मोट्झिगर डोन्श्टिग' असं लिहिलंय, फोनने त्याचं 'घाणेरडा गुरुवार' केलं, तर ते बरोबर का? आणि मिरवणुकीतल्या त्या लाकडी मुखवटेवाल्यांना मराठीत काय म्हणायचं?

नाही हो ताई, घाणेरडा नाही. फसायला होतं कारण शाळेतल्या जर्मनमधे श्मुट्झिग म्हणजे मळका. पण तिकडच्या बोलीत श्मोट्झ म्हणजे चरबी. ॲश वेन्सडेला ईस्टरपर्यंतचा 40 दिवसांचा उपास सुरू होतो, पूर्वी त्यात मांस, चरबी, अंडी सगळं बंद, मग घरात आहे ते संपवा म्हणून आदल्या गुरुवारी चरबीत फास्नेट्सक्युखले नावाचा पदार्थ तळायचे. थोडक्यात आपली गटारी! फास्नेट, म्हणजे उपासाआधीचा तिकडचा कार्निव्हल, हे नावसुद्धा उपासाची आदली रात्र, एवढंच. गटारीलाही हल्ली कोणीतरी 'गताहार' असा संस्कृत बाप शोधून फॉरवर्ड करतं, तो मला काही पटत नाही, पण श्मोट्झिगमधली चरबी मात्र खरी आहे. मी 'तुपट गुरुवार' म्हणेन. तुपाचा संबंध नाही हे मान्य, पण 'चरबीचा गुरुवार' म्हटलं तर कोणाला तरी चरबी चढलीये असं वाटतं.

आता मुखवटा. चेहऱ्यावरच्या लाकडाला मुखवटा ठीक, तिकडे लार्फं म्हणतात. पण मुखवटा आणि अंगावरचं हेस, म्हणजे पोशाख, मिळून जे होतं ते सोंग. दरवर्षी नवीन ड्रेस असा प्रकार नाही, ठरलेलं पात्र, तेच हेस, कित्येकदा आजोबांकडून आलेलं. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात सोंगं नाचवतात ना, तसंच, म्हणून फॅन्सी ड्रेस हा शब्द तर अजिबात नको.

मी तिकडच्याच रॉटवाइल गावात एकदा ही मिरवणूक बघितलीये. सोमवारी सकाळी आठला काळ्या वेशीतून, म्हणजे श्वार्झेस टोअरमधून, सोंगं बाहेर पडतात, थंडीने पाय बधिर झालेले, आणि ग्शेल नावाचं सोंग दिसायच्या आधी त्याच्या अंगावरच्या जड घंटाच ऐकू येतात, लोक 'हू हू हू' करून ओरडतात. एक सोंग माझ्यासमोर थांबून हातातली चित्रांची वही उघडून काहीतरी वाचायला लागलं, मला अर्धं कळलं, शेजारच्या आजी मात्र खो खो हसत होत्या (बहुतेक माझ्यावरच).

आणि हो, तिथे या मिरवणुकीला उमत्सुग म्हणू नका. तो शब्द मिरवणुकीला चालतो तसा घर बदलण्यालाही चालतो, पण रॉटवाइलकर नारेनश्प्रुंग म्हणतात, वेड्यांची उडी. फेडेराहानेस नावाचं सुळेवालं सोंग लांब काठी टेकून खरंच उडी मारतं, त्यामुळे पुढच्या रांगेत उभ्या राहणार असाल तर जरा मागे सरकायची तयारी ठेवा.