दुसऱ्या फेरीची गोडी

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादे पात्र घडवून त्याच्या भूमिकेतून निर्णय घेत खेळायचे व्हिडिओ गेम, नव्याने खेळू लागलेल्यांनी पहिल्याच फेरीत प्रत्येक गुपित शोधण्याचा हट्ट धरू नये. चुकलेला निर्णय जुन्या सेव्हवर (आधी साठवून ठेवलेल्या टप्प्यावर) परतून पुसण्याऐवजी त्याचे परिणाम भोगावेत, कारण पुन्हा खेळण्याची ओढ त्यातूनच लागते. नुसते तलवारीऐवजी धनुष्य घेतल्याने खेळ नवा होत नाही, निदान मला तरी तसे वाटत नाही. उलट, १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये बुद्धिमत्ता अगदी कमी ठेवून पात्र घडवले, तर त्याला धड वाक्यही बोलता येत नाही आणि समोरची माणसे त्याच्याशी वेगळेच बोलतात. २०११ च्या ‘द विचर २’मध्ये राजाच्या सेवेतला सैनिकी अधिकारी रोश याची साथ करायची की बंडखोर एल्फांचा म्होरक्या योर्वेथ याची, या निवडीनुसार दुसरा अध्याय युद्धाच्या वेगळ्याच बाजूने उलगडतो, तो दोन्ही बाजूंनी खेळावाच.