स्पेक्ट्रा हातात आले की आधी काय बघायचं

अनोळखी संयुग ओळखायचं असेल तर लगेच एनएमआरचे (रेणूतले हायड्रोजन कुठल्या परिसरात आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाचे) पीक मोजायला बसू नकोस. आधी रेणुसूत्र पक्कं कर आणि त्यावरून असंपृक्तता (रिंग आणि दुहेरी बंधांची एकूण संख्या) काढ. समज, मास स्पेक्ट्रममध्ये रेणुभार १३६ आला आणि सूत्र निघालं ८ कार्बन, ८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. असंपृक्तता ५. म्हणजे बहुधा बेंझीन रिंगचे ४ आणि एक कार्बोनिल (C=O).

आता आयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम. कार्बोनिलचा पट्टा १७२० सेमी⁻¹ च्या आसपास असेल तर मिथाइल बेंझोएट, १७६५ ला असेल तर फिनाइल ॲसिटेट, असा अंदाज बांध. एनएमआरमध्ये दोघांतही ३ हायड्रोजनचा सिंग्लेट (न फुटलेला एकच पीक) असतो, पण पहिल्यात ३.९ पीपीएमला (एनएमआरच्या मोजपट्टीचं एकक), दुसऱ्यात २.३ ला. मासचे तुकडेही वेगळे: पहिल्यात १०५ आणि ७७, दुसऱ्यात ९४ आणि ४३. तरी ३.९ दिसला म्हणून मिथाइल बेंझोएटवर शिक्का मारू नकोस. पॅरा-ॲनिसाल्डिहाइडचं सूत्र हेच, त्याच्या मिथॉक्सीचा (OCH₃) पीकही तिथेच येतो. ९.९ ला अल्डिहाइडच्या हायड्रोजनचा पीक आहे का, ते बघ.

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या लॅबमध्ये जुलैत केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेट, म्हणजे आयआरसाठी नमुना मिसळून दाबलेली चकती, बनवणार असशील तर फार जप. पावसाळी हवेत केबीआर भराभर ओल धरतं आणि ३४०० ला रुंद पट्टा येतो. अल्कोहोलचा पट्टाही तिथेच येतो, म्हणून नवीन मुलं हमखास तिथे अल्कोहोल लिहून मोकळी होतात. पावडर ओव्हनमध्ये ११० अंशांवर वाळव, नुसत्या केबीआरचं बॅकग्राउंड घे, मगच बोल.

एनएमआर डीक्लोरोफॉर्ममध्ये (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये) घेतला असेल तर ७.२६ चा पीक सॉल्व्हंटचा, १.५६ चा पाण्याचा. ट्यूब ॲसिटोनने धुतली असेल तर २.१७ चा सिंग्लेट तुझ्या नमुन्याचा नाही.