पासवर्ड बदलला, तरी चोर आतच

प्रश्न : 'तुमच्यासाठी एक फाइल आली आहे' असा ईमेल ऑफिसच्या खात्यावर आला. लिंक उघडली तर नेहमीचंच लॉगिनचं पान. पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपीही टाकला, खातं उघडलं. फाइल मात्र कुठेच नव्हती. शंका आली म्हणून त्याच दिवशी पासवर्ड बदलला. तरीही आता माझ्या नावाने सहकाऱ्यांना तसलेच ईमेल जात आहेत. ओटीपी असताना हे कसं?

उत्तर : तुम्ही बहुधा खऱ्या साइटचंच पान पाहिलंत, फक्त ते दुसऱ्याच्या हातून तुमच्यापर्यंत आलं. पूर्वी लोगो चोरायचा, दोन रकाने मांडायचे, काहीही टाकलं की 'पासवर्ड चुकला' म्हणायचं आणि खऱ्या साइटवर ढकलून द्यायचं, एवढ्यावर काम भागे. माणूस दुसऱ्यांदा टाकतो, आत जातो, विसरतो. आता मधे एक सर्व्हर बसवतात. तुम्ही टाइप कराल ते तो खऱ्या साइटला देतो आणि तिचं उत्तर तुम्हाला दाखवतो. ओटीपीही तसाच पुढे जातो. मग साइट एक सेशन कुकी देते. 'याची ओळख पटली आहे, पुन्हा विचारू नका' अशी चिठ्ठीच म्हणा. ती चिठ्ठी मधल्याकडेही राहते.

त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. काही सेवा पासवर्ड बदलताच सगळीकडून लॉगआउट करतात, काही करत नाहीत. सेटिंग्जमध्ये 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' हा पर्याय शोधा आणि तो वापरा. त्यानंतर ईमेलचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडून बघा. ही जागा लोक हमखास विसरतात. चोर तिथे नियम लावून ठेवतो : अमुक शब्द असलेली उत्तरं थेट कचऱ्यात, किंवा प्रत्येक ईमेलची प्रत बाहेरच्या पत्त्यावर. सहकारी 'हे तूच पाठवलंस का?' असं विचारत असतील आणि तुम्हाला ते दिसतही नसेल. खात्याला जोडलेली अनोळखी ॲप्स काढा, रिकव्हरीचा फोन आणि ईमेल तुमचेच आहेत ना ते तपासा. ऑफिसच्या आयटी विभागाला आजच सांगा. लाजेपायी थांबाल तेवढ्यात आणखी चार जण त्याच लिंकवर जातील.

पुढच्या वेळचं विचाराल, तर 'स्पेलिंगच्या चुका बघा' हा सल्ला मी देत नाही. चुका आता नसतात. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही जाऊ नका, ते फसव्या साइटलाही सहज मिळतं; क्रोमने तर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. बघायचा तो पत्ता, तोही 'https://' नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीचा भाग. त्याच्या डावीकडे कितीही ओळखीची नावं लिहिता येतात. पण घाईत कोण बघतं? म्हणून हे काम पासवर्ड मॅनेजरवर, म्हणजे पासवर्ड साठवून ते आपोआप भरणाऱ्या ॲपवर, सोडा. पत्ता जुळला नाही तर तो रकाना भरतच नाही. तो गप्प बसला, तर तुम्हीही हाताने टाइप करू नका. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या लॉकने लॉगिन) किंवा यूएसबीची सुरक्षा किल्ली त्याहून भक्कम, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. मधल्या सर्व्हरच्या पत्त्यावर ती चालत नाही. गूगलने २०१७ मध्ये आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या. त्यानंतर कामाचं एकही खातं बळकावलं गेल्याचं आढळलं नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं.

प्रश्न : लॅपटॉपवर अचानक ब्राउझर पूर्ण पडदाभर पसरला. समोर फक्त गूगलचं लॉगिन. एस्केप दाबलं, एफ११ दाबलं, काही होईना. पासवर्ड टाकून सुटका करून घेऊ का?

उत्तर : मुळीच नाही, तुम्ही वैतागून तेच करावं अशी ही योजना आहे. ही युक्ती २०२४ मध्ये उघडकीला आली. पान खरं गूगलचंच असतं, पण मशीनमध्ये शिरलेला मालवेअर (घातक प्रोग्राम) ब्राउझरला कियॉस्क मोडमध्ये, म्हणजे एकच पान पडदाभर दाखवणाऱ्या अवस्थेत, अडकवतो. तुम्ही पासवर्ड टाकता, ब्राउझर तो साठवतो आणि 'स्टीलसी' नावाचा दुसरा मालवेअर तिथून तो उचलतो. आल्ट आणि एफ४ एकत्र दाबून बघा, नाहीतर कंट्रोल, आल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरा. पुन्हा चालू केल्यावर सर्वांत आधी अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी. तोवर त्या मशीनवर कुठेही लॉगिन करू नका. पासवर्ड टाकून झाला असेल, तर वरच्या उत्तरातलं सगळं करा, मात्र दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. त्याच लॅपटॉपवर नवा पासवर्ड टाकलात, तर तोही चोराकडे जाईल.