गिळलेली ओळ

पोरी,

परवा वाशीच्या स्टँड-अप कॉमेडीच्या ओपन माइकला, म्हणजे नवख्यांच्या त्या खुल्या मंचावर, तुझा सोसायटीच्या सेक्रेटरीवरचा भाग छान वाजला, सासूवरचा पडला आणि मधे तू एक ओळ गिळलीस. परतताना ट्रेनमध्ये विचारलं, तर म्हणालीस, “दादा, समोर एकाने मोबाइल धरला होता.” घणसोली गेलं, ऐरोली गेलं, ठाणं आलं, तरी मला नीट उत्तर सुचलं नाही. म्हणून हे लिहितोय.

पडलेल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सासू मात्र सोड. तुझं लग्न झालेलं नाही, ती सासू उसनी होती आणि प्रेक्षकाला उसनं लगेच कळतं. सेक्रेटरीने पार्किंगसाठी तुझ्या बाबांना तीन रविवार फिरवलं, तो राग तुझा होता.

मला घोर आहे तो गिळलेल्या ओळीचा. माझ्या वहीत उजव्या पानावर हशा आला नाही म्हणून काढलेल्या ओळी असतात, डाव्या पानावर भीतीने काढलेल्या. डावं पान अधूनमधून वाचतो. त्यातल्या काही नुसत्या दुष्ट होत्या, कुणाच्या रंगावर, कुणाच्या जातीवर. त्या गेल्या ते बरंच झालं. पण काही खऱ्या होत्या. सुरुवातीला आयोजक सांगायचे, “हे नको.” पुढे त्यांना सांगावंच लागेना, मी घरूनच काढून जायचो. ती वर्षं मला परत मिळणार नाहीत. तुझ्या बाबतीत हे होऊ नये, असं फार वाटतं.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 2012 च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम 66-अ चा तिथे वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. संविधानाचं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम 19 स्वतः वाच, दुसऱ्या पोटकलमातल्या मर्यादांसकट. अब्रुनुकसानी, सभ्यता, सार्वजनिक सुव्यवस्था हे शब्द तिथे आहेत. कुंपण नेमकं कुठे आहे हे माहीत नसलं, की माणूस अंगणातही पाय टाकत नाही.

आणि प्रत्येक सेट, म्हणजे मंचावरचा तुझा अख्खा भाग, स्वतः रेकॉर्ड कर, अगदी पहिल्या “नमस्कार”पासून. कुणी मधलेच वीस सेकंद कापून फिरवले, तर आधीचं-नंतरचं तुझ्याकडे हवं. तमाशातला सोंगाड्या वगातल्या राजाला टोचायचा, तेव्हा अख्खा वग गावासमोर असायचा. राजा म्हणजे कोण, हे गाव समजून घ्यायचं. क्लिप बघणाऱ्याला तो वग दिसत नाही.

क्लिप चालली तर आनंद मान. पण लोक पुढे तेच चाळीस सेकंद मागत राहतील, आणि ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात तासभर उभं राहायचं तर त्या चाळीस सेकंदांवर भागत नाही. दर आठवड्याला नवं लिही, नाव झालं तरी.

बुधवारी स्पॉट आहे ना? त्याआधी संध्याकाळी तलावपाळीला ये. ती ओळ मोठ्याने म्हणून दाखव, चार-पाच वेळा. कुठल्या पानावरची आहे, ते दोघं मिळून बघू.

तुझा,
दादा