२७ वर्षं जंगलात लपून शेजाऱ्यांकडे चोऱ्या करणाऱ्या माणसाची कीव करावी की त्याला दोष द्यावा?

तुम्ही विचारताय ते क्रिस्टोफर नाईटबद्दल. १९८६ साली, विशीत असताना तो अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात शिरला, तो थेट एप्रिल २०१३ मध्ये सापडला. मधल्या काळात नॉर्थ पाँड तळ्याकाठच्या घरांत त्याने हजारेक घरफोड्या केल्या. पकडला गेला तोही दिव्यांगांसाठीच्या कॅम्पमधला शिधा चोरताना.

एकटं राहायची हौस मी समजू शकतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत वाढलोय, एकांताचा हेवा वाटणारच. धूर दिसेल म्हणून त्याने मेनच्या हिवाळ्यातही शेकोटी पेटवली नाही म्हणे. चिकाटी मानली!

पण आपल्याकडे घर सोडलेला माणूस दारात उभा राहून माधुकरी मागतो. त्यासाठी तोंड दाखवावं लागतं, ‘पुढे जा’ ऐकून घ्यावं लागतं. तिथल्या काहींनी त्याच्यासाठी दाराला खाऊच्या पिशव्या अडकवल्या, काय हवं ते लिहून ठेव म्हणून चिठ्ठ्या लावल्या. सापळा असेल म्हणून हा त्यांना शिवलासुद्धा नाही. भीती समजते, पण मग खिडक्या उचकटणं कसं पोटात घालायचं?

‘नेलं काय, तर बॅटऱ्या, पुस्तकं, गॅसचे सिलिंडर,’ म्हणणारे भेटतात. हे लोक चाळीत राहिलेले नसावेत. आमच्या परळच्या चाळीत मध्यंतरी बारीकसारीक वस्तू जायला लागल्या. दुधाची पिशवी, दोरीवरचा टॉवेल, एकदा तर डाळीसकट कुकर. संशय कोणावर? भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर. दोघींनी जिन्यातच त्यांची पिशवी उलटी केली. आतून पडलं काय, तर कागदात बांधलेला वडापाव आणि रेल्वेचा पास. मावशींनी दोन्ही उचललं आणि त्या परत आमच्या मजल्यावर आल्या नाहीत. चोर निघाला गच्चीवरच्या टाकीमागे पथारी टाकलेला एक अबोल माणूस. त्याला बघून सगळे हळहळले, कोणीतरी चहाही दिला. मावशींच्या घरी मात्र कोणी गेलं नाही.

माझा राग इथे आहे. नॉर्थ पाँडलाही लोकांना आधी वाटलं, आपणच वस्तू कुठेतरी ठेवून विसरलो, मग आसपासच्या पोरांवर संशय. सुट्टीच्या घराचं कुलूप उघडताना वर्षानुवर्षं पोटात गोळा. दया येते ती चोराची, कारण त्याची गोष्ट रंगतदार असते.

शिक्षा झाली सात महिन्यांची, वर थोडी नुकसानभरपाई. मला योग्य वाटते. आपल्याकडे राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तेवढी मी याला दिली नसती. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने जाते. सापडल्यावर त्याने तत्त्वज्ञान झाडलं नाही. चोरी चूकच, लाज वाटते, असं सरळ सांगितलं. साधूबिधू त्याला बाकीच्यांनीच करून ठेवलंय.